आपली तिरकी रेघ

१९९७ साल लागलं आणि मला सत्तर पुरी झाली. ह्या वयात, चौथी शिकलेल्या माणसाला, तू त्रिकोण करून ठेवलंस.

वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला, नखाएवढा त्रिकोण. शेजारी तू, गोल. दोघांच्या मधे दोन आडव्या रेघा. "पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, आणि ह्या दोन रेघा म्हणजे लग्न," असं तू मला समजावून सांगितलंस. मी म्हटलं, पन्नास वर्षं कॉटनपेठेत कपडे शिवतोय, त्रिकोणी माणूस एकदाही मापाला आला नाही. तू हसलीस. पण खोडलं नाहीस.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. आपल्या मराठी समाजाच्या अंकाचे लोक आले होते. जन्मसाल, माहेरचं नाव, मागे कोण कोण, एवढं लिहून द्या, फोटोखाली छापतो म्हणाले. मी म्हटलं, ते तुम्हीच लिहा. मला तिच्याशी बोलायचंय, तेवढी जागा ठेवा. जागा मागून तर घेतली, पण नीट कळलेलं असं काही माझ्याजवळ नाही. जसं आहे तसं सांगतो.

जुलैत तू तो क्लास लावलास तिथून सगळं सुरू झालं. मागच्या रस्त्यावरच्या कॉलेजात पाटी लागली होती. सांस्कृतिक मानवशास्त्र, तोंडओळख, शनिवारी दुपारी दोन ते चार, सहा महिने, वयाची अट नाही. सगळं कन्नडात. तुझी आठवी कन्नड शाळेत झालेली, तिथंच लग्न आडवं आलेलं. साठाव्या वर्षी तू नवी वही आणलीस, शेंड्याला रबर असलेली पेन्सिल आणलीस, आणि मला सांगितलंस. विचारलं नाहीस, सांगितलंस.

"माणसांचं शास्त्र?" मी म्हटलं. "साठ वर्षं माणसांतच राहिलीस की."

"राहिले. बघितलं नाही."

पुढचे चार शनिवार मी तू झाकून ठेवलेलं जेवण गारच खाल्लं. चूल हाताशी होती, सून घरात होती, तरी गार खाल्लं. तुझ्या लक्षात यावं म्हणून. आलं होतं का, ते आता कोण सांगणार.

क्लासातून आलीस की तू बोलायचीस आणि मी ऐकत नाही असं दाखवत ऐकायचो. कुठल्या तरी डोंगरात म्हणे नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. कुठं तरी पोरं बापाचं नाही, मामाचं ऐकतात. मी म्हटलं, मग ह्यात बरोबर कोण आणि चुकलेलं कोण?

"बाई म्हणतात, बरोबर-चूक आधी नाही विचारायचं. आधी नीट बघायचं."

"बघून?"

"लिहायचं."

"आणि लिहून?"

"ते अजून शिकवलं नाही."

आपला मुलगा मनोहर जेवता जेवता ठसकला. सूनबाई सुनंदा पदर तोंडाला लावून आत गेली. मलाही हसू आलं होतं, मी ते गिळलं. आता वाटतं, हसलो असतो तर काय बिघडलं असतं.

मग ती नात्यांची आकृती आली. प्रत्येकानं आपल्या घराची काढायची. तुझी आकृती काही केल्या जुळेना. दोन रविवार तू ओट्यावर बसून काढतेस आणि खोडतेस. जुळेल कशी? तू माझ्या अक्काची मुलगी. मी तुझा सख्खा मामा. तू सोळाची आणि मी सव्वीसचा असताना आईनं आणि अक्कानं आपलं लग्न लावलं. आपले लोक इथं कन्नड मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात. इथल्या कन्नड घरांत बहिणीची मुलगी करतात, तसे आपणही करू लागलो. घर बांधलेलं राहतं, माणूस ओळखीचं असतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण कागदावर ते बसेना. अक्का वरच्या ओळीत, तिच्या बाजूला भाऊ म्हणून मी. तू खालच्या ओळीत, मुलगी म्हणून. आता तुझा नवरा कुठं काढायचा? तुला मी दोनदा काढायचा होतो, एकदा वर, एकदा खाली. बाई म्हणाल्या, एक माणूस एकदाच. म्हणून तू वरच्या त्रिकोणापासून खालच्या गोलापर्यंत लग्नाची रेघ ओढलीस. सगळ्या वर्गाच्या रेघा आडव्या, आपली एकटी तिरकी.

ती तू फळ्यावरही काढलीस. घरी येऊन सांगितलंस, वर्गात पुण्याची एक मुलगी आहे, नवरा इथं कंपनीत आहे तिचा. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अय्या, मामाशी?" आणि इथली पोरं तिच्याकडंच बघायला लागली. त्यात काय, आमच्या आईचंही तसंच आहे, असं ती पोरं म्हणाली. बाई खूश झाल्या म्हणे. दोन्हीकडचं लिहून घ्या म्हणाल्या.

माझं टाळकं फिरलं. "घरातलं नातं तू फळ्यावर काढलंस? परक्या पोरांसमोर?"

"फळा पुसला नंतर," तू म्हणालीस.



हे सगळं मी घोकतोय ते वीणामुळं. आपली नात. अठराची झाली, मार्चात तिची पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा आहे. सुनंदाचा धाकटा भाऊ गिरीश येलहंक्याला असतो, विजेच्या सामानाचं दुकान आहे, पोरगा निर्व्यसनी, वीणाचा मामा. दसऱ्याला त्याच्या आईनं विषय काढला आणि मी तिथल्या तिथं शब्द दिला. परत येताना बसमध्ये तू एकच म्हणालीस, "पोरीला विचारा." घरी आल्यावर पुन्हा म्हणालीस. आठ दिवसांनी पुन्हा. तेव्हा मी सगळ्यांसमोर आवाज चढवला.

"तुला कुणी विचारलं होतं? काय वाईट झालं?"

तू भांडी विसळत होतीस. मागं वळली नाहीस. नळ चालूच होता. मला वाटलं, जिंकलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी रात्रीच्या जेवणाला तू वाढून झाल्यावर समोर बसलीस आणि पदराखालून वही काढलीस. म्हणालीस, बाईंनी तीन प्रश्न दिलेत, नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारायचे. लग्न कुणी ठरवलं? तुम्हाला विचारलं होतं का? विचारलं असतं तर काय म्हणाला असता?

बायकोनं नवऱ्याची मुलाखत घ्यायची, ही कुठली रीत. मी म्हटलं, "आमटी वाढ."

तू वाढलीस. मग पेन्सिल घेऊन काहीतरी लिहिलंस. मला वाटलं, किराणा लिहीत असशील.

तो विषय तिथंच राहिला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला, तू स्वेटरवर पदर घेऊन क्लासला जात राहिलीस, आणि एका सकाळी दूध तापत असताना तू गेलीस. दूध उतू गेल्याच्या वासानं मी आत आलो. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्या दिवशी काय घोळ झाला तो तुला सांगायला हवा, तू असतीस तर वहीत घेतला असतास. सवाष्ण गेली की माहेरची साडी लागते. समाजातले थोरले म्हणाले, माहेरचं कोण आहे? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अक्का जाऊन वीस वर्षं झाली, तुला भाऊ नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "माहेरचे हेच की. मामा." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ताठ होतो. म्हटलं, "मी नवरा आहे. नवऱ्यानं माहेरची साडी आणायची असते का?" वाद घालायची ती वेळ नव्हती, म्हणून तुझ्या चुलत घरातल्या एकाला चिकपेठेत धाडलं. त्यानं हिरवी म्हणून आणली ती धड हिरवीही नव्हती. तिच्या काठाकडं बघत मी शेवटपर्यंत उभा राहिलो. कपड्यात जन्म गेला माझा, आणि तुझ्या अंगावर ते कापड.

बाराव्या दिवशी तुझ्या क्लासच्या बाई आल्या. मला वाटलं होतं कोणी पोक्त बाई असेल. ही स्कूटरवरून आली, आपल्या सुनंदाएवढी. पाणी तेवढं प्याली. कन्नडात म्हणाली, "अज्जी जे विचारायच्या ते मला घरी जाऊन शोधावं लागायचं." आणि तुझी वही माझ्या हातात दिली. म्हणाली, तुमच्याविषयी पुष्कळ आहे, कुणाकडून तरी वाचून घ्या. मी म्हटलं, मला वाचता येतं.

खोटं बोललो. कन्नड मी जन्मापासून बोलतो, स्वप्नातही बोलत असेन. पण बापानं मला समाजाच्या मराठी शाळेत घातलं, चार वर्षांनी काढून सुईवर बसवलं. कन्नड वाचणं राहिलंच. बसची पाटी मी बघून ओळखतो, वाचत नाही. माझ्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव कन्नडात आहे, तेवढी अक्षरं घराच्या दारासारखी ओळखीची आहेत. म्हटलं, वहीत तेवढं नाव शोधू. सगळी वही पालथी घातली. माझं नाव कुठंच नाही. तोंडानं कधी घेतलं नाहीस ते समजू शकतो, पण लिहायला काय झालं होतं? मग एका पानावर अक्षरांच्या मधोमध त्रिकोण दिसला. पुढच्या पानावर पुन्हा. जिथं जिथं मी, तिथं तिथं तू त्रिकोण काढला होतास. मोजले नाहीत, पण बरेच होते.

आठ दिवस मी ती वही अंथरुणाखाली ठेवून झोपलो. कुणाकडून वाचून घेणार? मनोहरला दिली तर मुलगा बापाचं काय काय वाचेल. सुनंदाला दिली तर सून वाचेल. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, त्या तिसऱ्या प्रश्नाला तू काय लिहिलं असशील? माझी खात्री होती की तू चांगलंच लिहिलं असणार. तरी हात पुढं होत नव्हता. खात्री असलेला माणूस असा आठ दिवस थांबतो का, हेही मला कळत नव्हतं.

तेवढ्यात येलहंक्याचा निरोप आला. घरात माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. तेव्हा रविवारी सकाळी अकराला नारळ-साखर घेऊन येतो, बोलणी पक्की करू. मी या म्हटलं. शब्द दिलेला होता. सुनंदानं रवा आणला, खुर्च्या सांगितल्या. वीणा काही बोलली नाही. मुली बोलत नाहीत म्हणजे त्यांना चालतंय, असं मी धरून चाललो होतो. आयुष्यभर तसंच धरलं.

शनिवारी संध्याकाळी वीणा दाराशी बसून अवरेकाई, वालाच्या शेंगा, सोलत होती. सगळ्या घराला तो वास. मी वही घेऊन तिच्याजवळ खाली बसलो. गुडघे वाजले. म्हटलं, "हे तुझ्या अज्जीचं काय आहे, स्वल्प वाच. सगळं नको. त्रिकोण आहे ते."

तिनं हात पुसले. पानं उलटली. "ताता, इथं प्रश्न आहेत. तीन."

"तेच."

आधी माझं होतं. तिनं वाचलं तसं मराठीत सांगितलं. "पहिला प्रश्न, लग्न कुणी ठरवलं. उत्तर, आमटी वाढ. दुसरा प्रश्न, विचारलं होतं का. उत्तर, काही नाही, जेवत राहिले. तिसरा प्रश्न. उत्तर, हात धुवायला उठले."

वीणानं माझ्याकडं बघितलं नाही, एवढी पोर शहाणी आहे. तू खरंच जसं झालं तसं लिहिलं होतंस. एक शब्द तिखट नाही, एक शब्द गोड नाही. मला ते शिवीपेक्षा लागलं.

"पुढं तिचं आहे," ती म्हणाली. "वाचू?"

"वाच."

तिनं वाचलं. मी ते तिच्याकडून तीनदा ऐकलं, त्यामुळं पाठ आहे. लग्न आईनं आणि आजीनं ठरवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. नवरा वाईट मिळाला नाही, हे लिहून ठेवते. पण मला एकच मामा होता. लग्न झालं आणि तो पुन्हा आमच्या घरी कधी आला नाही.

वीणा म्हणाली, "संपलं." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. पण दाणे सालींत आणि साली दाण्यांत पडत होत्या.

हे समाजाच्या अंकात लिहू का म्हणून मी वीणाला विचारलं. लिहा म्हणाली. म्हणून इथं आहे.

आता मला सांग, मी काय समजायचं? मला वाटत होतं, तुला परक्या घरी जावं लागलं नाही. अक्काच्या घरातून माझ्या घरात, मधे चार गल्ल्या. तुला भूक लागली की चेहरा कसा होतो ते मला तुझ्या पाळण्यापासून माहीत. असा नवरा कुणाला मिळतो, अशा तोऱ्यात मी चव्वेचाळीस वर्षं काढली. आणि तू म्हणतेस, मामा आला नाही.

पण खोटं कसं म्हणू? दर कार्तिकात बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला तुला खांद्यावर बसवून नेणारा तो मीच. तू टरफलं माझ्या डोक्यावर टाकायचीस. कापडाच्या चिंध्यांतून तुझ्या बाहुलीला झंपर शिवून द्यायचो, त्याला खऱ्या ब्लाउजासारखी काजं करायचो. अक्का ओरडायची, पोरीला लाडावून ठेवतोस. मग लग्न झालं आणि अक्कानंच मला बाजूला घेऊन सांगितलं, आता थट्टामस्करी पुरे, बायको आहे, वचक ठेव. मी ठेवला. मला वाटलं, नवरा असाच असतो. पहिल्या सणाला अक्काकडं गेलो ते जावई म्हणून पाटावर बसलो, आणि तू दाराआडून बघत होतीस. तुझं ते बघणं मला आठवतं. तेव्हा मला वाटलं, लाजतेय. तू बहुतेक मामा कुठं बसलाय ते शोधत होतीस.

त्या साडीचंही आता मनातून जात नाही. त्या दिवशी सगळे माझ्याकडं बघत होते ते बरोबरच होतं. एक दिवस, शेवटचा, मला मामा म्हणून येता आलं असतं.

तुझ्यावर मी रागावलोही आहे. तू सांगितलं का नाहीस? चव्वेचाळीस वर्षांत एकदा म्हणायचंस, अहो, आज जत्रेला जाऊ. मी कुरकुरलो असतो, पण आलो असतो. की नसतो आलो? वहीला सांगितलंस, त्या स्कूटरवाल्या बाईला सांगितलंस, पुण्याच्या मुलीसमोर रेघ ओढलीस, आणि मी तुझ्यासमोर आमटी खात बसलेला. मग वाटतं, सांगायलाच बसली होतीस की त्या दिवशी. तीन प्रश्न घेऊन.

मला विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, ह्याचं उत्तर मी रात्रभर जुळवत होतो. मलाही कुणी विचारलं नव्हतं ग. अक्का विधवा झालेली, आई म्हणाली घर एक राहील, मी मान हलवली. अक्कापुढं मी कधी नाही म्हटलं नव्हतं. नको म्हणालो असतो असं वाटत नाही. हो म्हणालो असतो असंही ठाम वाटत नाही. आणि तू नसतीस तर मी कोण झालो असतो ते तर अजिबात दिसत नाही. एवढंच उत्तर आहे. तू असतीस तर असंच्या असं लिहून घेतलं असतंस, आणि वर, पुढं काही नाही, असंही लिहिलं असतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, नळाला पाणी आलं तेव्हा वीणा घागर भरत होती. बाकीचे झोपलेले. मी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "वीणे, गिरीशशी लग्न करायचंय का तुला?"

तिनं नळ बंद केला. "ताता, विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

मी हो ऐकायची तयारी करून आलो होतो आणि नाही ऐकायचीही. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

ह्याची तयारी नव्हती. "कधी माहीत होईल?"

"परीक्षा झाल्यावर सांगते."

"सरी, तेव्हा सांग," मी म्हटलं. कोट घातला, टोपी घातली आणि येलहंक्याची बस धरली.

गिरीश अंगणात दाढी करत होता, गालावर साबण. त्याची आई पिशवीत नारळ भरत होती. मला बघून दोघं उभी राहिली. बसा म्हणाली, मी बसलो नाही. आयुष्यात दिलेला शब्द मी कधी मागं घेतला नव्हता, बसून घेता आला नसता.

"विहीणबाई, आज येऊ नका."

"का हो अण्णा? सुतक आहे का अजून?"

"सुतक नाही. वीणाला विचारलं. परीक्षेनंतर सांगते म्हणाली."

गिरीशनं वस्तरा खाली ठेवला. त्याचा चेहरा मला पडलेला दिसला नाही, हे खरं ते सांगतो. बोलली ती त्याची आई. "पोरीला काय विचारायचं त्यात? आपल्याला कुणी विचारलं होतं का? काय वाईट झालं?"

माझंच वाक्य, माझ्याच तोऱ्यात. मी टोपी सारखी केली. म्हटलं, "आमच्या घरात विचारतात."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."